गेम उघडतो आणि लगेच मिटतो: तुमच्याकडे काय झालं होतं?

कृष्णाकाठ
काल रात्री ११ वाजता लेक रडवेला होऊन आला. नवीन घेतलेला शेतीचा गेम, ट्रॅक्टर-बिक्टर असलेला. क्लिक केलं की काळी खिडकी येते, गोल फिरतं आणि सगळं गायब. एरर नाही, काही नाही. मी पीसी रीस्टार्ट केला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला, फाइल्स व्हेरिफाय केल्या, शेवटी अख्खा गेम काढून परत डाउनलोडला लावला. तेच.

मग गेमच्या फोल्डरमध्ये लॉगची एक फाइल दिसली, ती नोटपॅडमध्ये उघडली. शेवटच्या ओळीत होतं की फोल्डर तयार करता येत नाही. पत्ता दिला होता सी ड्राइव्ह, युजर्स, आणि त्यापुढे पाच प्रश्नचिन्हं. ?????

बघत बसले. तो पीसी आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. २०१९ ला घेतला. दुकानातला मुलगा सेटअप करत होता, नाव विचारलं आणि इंग्रजीत टाइप करायला लागला. आप्पांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला. जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. त्याला मराठी कीबोर्ड निवडायला लावला आणि एका बोटाने एकेक कळ शोधत ‘आप्पा’ लिहिलं. तेच त्या फोल्डरचं नाव झालं. गेमला ते वाचताच येत नव्हतं.

लेकाच्या नावाने इंग्रजी अक्षरांत नवीन अकाउंट काढलं, गेम पहिल्या झटक्यात सुरू झाला. आप्पा गेल्या श्रावणात गेले. त्यांचं अकाउंट तसंच ठेवलंय. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिलं. तुमच्याकडे असा गेम अडला होता का? काय निघालं?

दोन_बोटांनी
पाच कशी काय? आप्पा म्हणजे दोनच अक्षरं ना

कृष्णाकाठ
मीही मोजली. आ, प, पाय मोडायची खूण, प, काना. झाली पाच.

दोन_बोटांनी
अरे हो की!! माझ्या पीसीवर ‘घर’ आहे. दोनच येतील.

जुनाकोडर
ताई, निदान अगदी बरोबर केलंत. यात काय होतं ते सांगतो, पुढे कुणाला उपयोग होईल. विंडोज आतून युनिकोडच वापरतं, म्हणजे सगळ्या लिप्या मावतील अशी अक्षरपद्धत, म्हणून ‘आप्पा’ नावाचा फोल्डर बिनतक्रार बनतो. पण काही प्रोग्रॅम अजून जुन्या पद्धतीने पत्ता मागतात, एका अक्षराला एक किंवा दोन बाइट अशा हिशोबाने. तेव्हा विंडोज ते नाव जुन्या कोड पेजमध्ये, म्हणजे एकेका भाषेसाठीच्या अक्षरांच्या तक्त्यात, बसवायला बघतं. रशियनला १२५१ आहे, जपानीला ९३२ आहे. हिंदी-मराठीसाठी या कामाला चालेल असं कोड पेज विंडोजमध्ये नाही. त्यामुळे प्रत्येक खुणेच्या जागी प्रश्नचिन्ह. आणि फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून फोल्डर बनत नाही, आणि गेमने ‘नाही बनला तर काय करायचं’ हे लिहिलेलं नसेल तर तो तिथेच मरतो.

नुसतं अकाउंटचं नाव बदलून उपयोग नाही, युजर्समधला फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. रजिस्ट्रीत जाऊन फोल्डरचं नाव बदलायचे सल्ले मिळतील, ते करू नका, मी एकदा त्यात पूर्ण प्रोफाइल घालवलंय. नवीन अकाउंट हाच सरळ रस्ता. रीजनच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) चालू करायची एक चौकट आहे, २०१८ पासून, अजून बीटा म्हणूनच. तिने कधीकधी काम होतं, पण दुसरे जुने प्रोग्रॅम बिघडू शकतात.

बाकी तुमच्या आप्पांनी काही चूक केली नव्हती. देवनागरी १९९१ च्या पहिल्या युनिकोडपासून आहे. चूक गेम लिहिणाऱ्याची.

कृष्णाकाठ
दादा, शेवटची दोन वाक्यं घरात मोठ्याने वाचून दाखवली. आभार.

फोडणी_दिली
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. आमच्याकडे गेम उघडायचा पण सेव्ह करताना बंद. नंतर तर उघडेनासाच झाला. विंडोज सिक्युरिटीत ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ म्हणून एक बटण आहे, नवऱ्याने कुठलंसं वाचून चालू केलेलं. डॉक्युमेंट्समध्ये ओळखीचा नसलेला प्रोग्रॅम काही लिहायला गेला की ते अडवतं. प्रोटेक्शन हिस्टरीत गेमचं नाव दिसलं, तिथूनच परवानगी दिली. बटण बंद नाही केलं, चांगल्यासाठीच आहे ते. झाली तिसरी

गल्लीतला_असेंबल
२००४. माझा पहिला पीसी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जोडलेला, लोकलमधून मांडीवर कॅबिनेट घेऊन आलो होतो डोंबिवलीला. ग्राफिक्स ऑनबोर्ड. व्हाइस सिटी मस्त चालायचा. मग मित्राने प्रिन्स ऑफ पर्शिया आणला, २००३ चा सँड्स ऑफ टाइम. डबल क्लिक, स्क्रीन काळी, परत डेस्कटॉप. चार दिवस आम्हाला वाटत होतं सीडीवर ओरखडा आहे. टूथपेस्ट लावून पुसली, केळ्याच्या सालीने पुसली.

त्या गेमला पिक्सेल शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डातली रंग-प्रकाश दाखवायची सोय, लागायचा आणि मदरबोर्डवरच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सला तो नव्हताच. आमच्या वर्गातला एक मुलगा ‘थ्रीडी ॲनालाइझ’ नावाचा प्रोग्रॅम घेऊन आला, फ्लॉपीवर! त्यात खुणा करायच्या, हे आहे असं गेमला भासवायचं. उघडला एकदाचा. राजपुत्र दिसत नव्हता, नुसती त्याची सावली पळत होती. त्या सावलीवर आम्ही तिघांनी अर्धा गेम खेळला. पुढे दिवाळीला बाबांनी कार्ड घेऊन दिलं तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा बघितला.

नाशिकची_थंडी
सावलीवर खेळलात 😄 काय दिवस होते. केळ्याची साल आमच्याकडेही

वेंगुर्ल्याचो_पाऊस
आमच्याकडे पावसाळ्यात निम्मे आजार एकच. जुलैत पीसी चालू होतो, मेल वगैरे चालतं, गेम टाकला की धाडकन बंद. कारण गेम रॅम भरायला घेतो आणि खराब जागा तेव्हाच हाताला लागते. कॅबिनेट उघडा, रॅमची पट्टी काढा. खालच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यावर काळपट थर दिसेल, दमट हवेचा. शाळेतलं पांढरं खोडरबर घेऊन एकाच दिशेने हळू घासायचं, दोन्ही बाजूंनी, मग कोरड्या कपड्याने भुगा पुसायचा. टक् आवाज येईपर्यंत परत दाबायची. आधी वायर काढा बोर्डातून, हात धातूला लावून घ्या.

एवढं करून नाहीच गेलं तर मेमटेस्ट, रॅम तपासायचा प्रोग्रॅम, रात्रभर लावून ठेवा. लाल ओळ आली की पट्टी बदलायची.

आणि एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, जाळीत पाल बघा. खरंच सांगतो. दोनदा निघाली.

फोडणी_दिली
पाल नका हो सांगू, जेवायला बसलोय

म्हापसा_मार्केट
गोंयांत पण तेंच. जुन्या मोर्टार-चुन्याच्या घरात तर विचारूच नका. मी कॅबिनेटजवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, बुटांच्या खोक्यातल्या जमवून. आणि पीसी रोज अर्धा तास तरी चालू ठेवायचा, गेम नसला तरी. उबेने ओल जाते.

पेठेतला_इन्व्हर्टर
थोडं अवांतर. ६०० व्हीएच्या यूपीएसची बॅटरी बदलायचीय, सारखा टीं टीं करतोय. पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल ना? कोणी हल्ली घेतली का?

नाशिकची_थंडी
१२ व्होल्ट ७ एएच अशी मागा. साइज तीच असते. जुनी परत द्या, थोडे पैसे कमी करतात.

लोडशेडिंगची_पिढी
यूपीएसवरून आठवलं. २००७-०८ ला आमच्याकडे खेड्यात रोजचं भारनियमन. दादा आणि मी लाइट यायच्या आधी गेमसमोर बसून असायचो. एकदा गेम इन्स्टॉल होता होता लाइट गेली, ९१ टक्क्यांवर. आल्यावर आयकॉन होता डेस्कटॉपवर, पण उघडला की बंद. अर्धवट फाइल. आणि सीडी मित्राने परत नेलेली, तो परीक्षेला आजोळी! महिनाभर तो आयकॉन नुसता बघत होतो. दादा आता फौजेत आहे. फोनवर अजून म्हणतो, ९१.

स्टुटगार्टची_पोळी
माझा अनुभव जरा वेगळा. इथे लॅपटॉप घेतला, विंडोज जर्मन. एक छोटा कोडी सोडवायचा गेम, दोन जणांनी मिळून बनवलेला, सुरू होताच पडायचा. भारतात नवऱ्याच्या लॅपटॉपवर छान चालत होता. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात, साडेतीन म्हणजे ३,५. गेमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये होता टिंब, वाचताना गोंधळ. रीजन फॉरमॅट इंग्लिश इंडिया केला आणि चालला. त्या दोघांना मेल लिहिली, आठवड्यात दुरुस्त करून पाठवलं आणि आभार मानले.

ताई, तुम्हीही गेमवाल्यांना तो लॉग पाठवा. पाच प्रश्नचिन्हांसकट. त्यांना कळतच नाही कोणी सांगितल्याशिवाय.

कृष्णाकाठ
हो गं, पाठवते. इंग्रजी तपासून देशील का?

स्टुटगार्टची_पोळी
दे की. इथे आता दुपार आहे, लेकीला पाळणाघरातून आणलं की बघते.

एमएससीआयटी_पास
गेम सुरू होण्याआधी जो लाँचर उघडतो तोच मरत होता, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणायचा. वायफाय बदललं, मोबाइलचं नेट लावलं. शेवटी बायकोने विचारलं, कोपऱ्यात २००९ का दिसतंय? मदरबोर्डवरचा बटण सेल संपला होता, सीआर २०३२. पीसी बंद केला की तारीख मागे जायची, आणि तारीख चुकीची असली की सर्व्हरच्या ओळखीचं सर्टिफिकेट जुळत नाही. घड्याळवाल्याकडून सेल आणला, दोन मिनिटांचं काम.

हॉस्टेल_रूम_१४
गेमिंग लॅपटॉपवाल्यांनो, आधी हे बघा. तुमच्यात दोन ग्राफिक्स असतात, प्रोसेसरमधलं आणि वेगळं. गेम कधीकधी चुकून पहिल्यावर जातो आणि पडतो. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथे गेमची एक्सई निवडून हाय परफॉर्मन्स. आमच्या मजल्यावर पाच जणांचं यातच निघालं. चहा मिळाला पाचही वेळा 😎

धाकटी_मावशी
मला मनापासून एक सांगायचंय, हसू नका कोणी. २०१४ ला ‘डी३डीएक्स९_४३ डीएलएल नाही’ असा मेसेज यायचा. भाचा सुट्टीला आलेला, त्याला दोन दिवसांत गेम खेळायचा होता. मी नेटवर शोधलं, एका साइटवर ती एकच फाइल फुकट मिळत होती, टाकली. तिच्याबरोबर काय आलं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या फोल्डरची नावं तशीच, पण एकही फोटो उघडेना. ताईच्या लग्नाचे मूळ फोटो फक्त तिथे होते.

ती फाइल मायक्रोसॉफ्टच्या जून २०१० च्या डायरेक्टएक्स पॅकेजमध्ये असते, त्यांच्याच साइटवर, फुकट. ‘एमएसव्हीसीपी१४०’ मागितली तर व्हिज्युअल सी++ चं पॅकेज, तेही तिथेच. ६४ बिट विंडोज असलं तरी दोन्ही टाकायची, एक्स८६ आणि एक्स६४. सुटी डीएलएल कुठूनही उचलू नका. भाच्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. त्याला वाटेल त्याच्यामुळे झालं.

वेंगुर्ल्याचो_पाऊस
मावशी, डिस्क टाकून दिली नसेल तर जपून ठेवा. फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या (रॅन्समवेअर) काही जुन्या प्रकारांवर पुढे मोफत उतारे निघालेत. नो मोर रॅन्सम नावाची साइट आहे, युरोपोल आणि डच पोलीस वगैरेंनी २०१६ ला सुरू केलेली. तिथे एक बिघडलेली फाइल देऊन विचारता येतं.

धाकटी_मावशी
डिस्क आहे. कपाटात आहे. बघते आज.

गल्लीतला_असेंबल
मावशी काय झालं ते इथे नक्की लिहा.

दोन_बोटांनी
‘आई’ नावाने अकाउंट असेल तर किती?

जुनाकोडर
दोन. आ आणि ई, सुटे स्वर आहेत. ‘बाबा’ला चार.

हॉस्टेल_रूम_१४
बाबांना काने लागतात म्हणून जास्त 😄

पेठेतला_इन्व्हर्टर
बॅटरी मिळाली. ७ एएच. नाशिककर, धन्यवाद.

कृष्णाकाठ
सगळ्यांचं वाचतेय, स्वयंपाक करता करता. मेल गेली, पोळीताईने सुधारून दिली.

आज आप्पांचं अकाउंट एकदा उघडलं. डॉक्युमेंट्समध्ये ‘ऊस हिशोब’ नावाची एक्सेल आणि लेकाच्या शुद्धलेखनाच्या चुकांची यादी, तारखेवार. ‘आशिर्वाद’ चार वेळा. पेनड्राइव्हवर घेतलं सगळं.

लेक तिकडे गेममध्ये शेताला नाव देत होता. मराठी कीबोर्ड लावून ‘आप्पांचं शेत’ लिहिलं, तर स्क्रीनवर नुसते चौकोन. गेमकडे आपला फॉन्ट नाही. मी म्हटलं, इंग्रजीत लिही बाळा, वाचता तरी येईल. नको म्हणाला. चौकोनच ठेवलेत.