शिकारीच्या साहित्यावरचा खर्च: कुठे वसूल होतो, कुठे नाही? (अनुभव धागा)

शिकारीच्या साहित्याचा विषय निघाला की चर्चा लगेच रायफलींच्या तुलनेवर घसरते आणि पैशाचा हिशेब बाजूला राहतो. या धाग्यात तो हिशेबच मांडावा, अशी विनंती आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे हौसेखातर शिकार करण्याचा प्रश्न उरलेला नाही. त्यामुळे जिथे हंगाम, परवाना आणि संख्येची मर्यादा ठरवून शिकारीला कायद्याने मुभा आहे, अशा ठिकाणी राहून रीतसर शिकार करणाऱ्यांनाच हे आवाहन आहे. शिकार करावी की करू नये, हा वाद इथे नको. त्याला स्वतंत्र धागा हवा. किमतींचे आकडेही नकोत, कारण प्रत्येकाचे चलन वेगळे, कर वेगळे, आणि आजची किंमत पुढच्या हंगामापर्यंत शिळी होते. त्याऐवजी खर्चाचा मोठा वाटा कशाकडे गेला, त्यातले काय वर्षानुवर्षे वापरात राहिले, काय कपाटात पडून राहिले आणि का, हे लिहावे. नावाऐवजी आपण कोणत्या प्रकारची शिकार करता, एवढे सांगितले तरी पुरे. सुरुवात मीच करतो.

धागाकर्ता (डोंगराळ भागात हरणांची शिकार)

माझ्या हिशेबात पहिला मान दुर्बिणीचा, दुसरा बुटांचा आणि रायफलीचा तिसरा. हा क्रम अनेकांना उलटा वाटेल, परंतु उघड्या डोंगरात शिकारीचा बहुतेक वेळ समोरची उतरण न्याहाळण्यात जातो आणि रायफल खांद्याला लागते ती क्षणभर. दुर्बिणीवर दोन आकडे छापलेले असतात: पहिला किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. १० × ४२ च्या दुर्बिणीत तो ४.२ मिलिमीटर असतो, ८ × ४२ मध्ये सव्वापाच, तर खिशात मावणाऱ्या १० × २५ मध्ये अवघा अडीच. भर दुपारी डोळ्याची बाहुली आकसलेली असते, तेव्हा या फरकाने काही अडत नाही. हरणे मात्र हिंडतात झुंजुमुंजू होताना आणि तिन्हीसांजेला. त्या वेळी बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडलेली असताना अडीच मिलिमीटरच्या झोतातून झुडूप आणि जनावर वेगळे काढता येत नाही. यालाही मर्यादा आहे: वय वाढते तशी बाहुली कमी उघडते, त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्याने ५६ मिलिमीटर भिंगाचे जड धूड गळ्यात अडकवले, तरी त्यातला जादा प्रकाश डोळ्याच्या आत जाईलच असे नाही.

रायफलीबाबत माझे मत जरा कडक आहे. .३०-०६ हे काडतूस १९०६ चे आणि .३०८ विंचेस्टर १९५२ चे. हरणासाठी दोन्ही आजही पुरेशी आहेत, आणि त्यांच्यासाठी बनलेल्या जुन्या रायफली सहज मिळतात. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण वीतभर असतो. शंभर मीटरवर तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकणारी महाग रायफल आणि सहा सेंटिमीटरच्या वर्तुळात टाकणारी साधी रायफल, यांतला फरक त्या वीतभर जागेत विरून जातो. चढण चढून धापा टाकणाऱ्या माणसाच्या नेमाचे वर्तुळ या दोहोंपेक्षा कितीतरी मोठे असते. म्हणून रायफलीतून वाचलेला पैसा मी सरावाच्या काडतुसांवर घालतो. त्यातही .२२ ची छोटी काडतुसे स्वस्त पडतात आणि बसून, गुडघ्यावर टेकून किंवा झाडाचा आधार घेऊन नेम धरण्याचा सराव त्यांवर उत्तम होतो.

पाणपक्ष्यांची शिकार करणारा

रायफलवाल्यांना काडतूस हा किरकोळ खर्च वाटत असेल, आमच्याकडे सगळे गणित तिथेच फिरते. आमच्या काडतुसातून एका गोळीऐवजी बारीक छर्रे सुटतात. शिशाचे छर्रे पाण्यात पडतात, पक्षी ते खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात; म्हणून अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिसे १९९१ पासून देशभर बंद आहे, डेन्मार्कने शिशाच्या छऱ्यांवर १९९६ मध्ये बंदी घातली आणि युरोपीय संघातल्या पाणथळ जागांत २०२३ पासून ते वापरता येत नाहीत. निर्णय योग्यच आहे, पण त्याची झळ खिशाला कशी लागते ते पाहा. शिशाची घनता ११.३ आहे, पोलादाची ७.८ च्या आसपास. तेवढ्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका असल्यामुळे त्याचा वेग लवकर मंदावतो, म्हणून दोन मापे मोठा छर्रा घ्यावा लागतो आणि मग एका काडतुसात छर्रे कमी मावतात. शिवाय पोलाद कठीण असते. पातळ नळीच्या आणि तोंडाशी फार आवळलेल्या जुन्या बंदुकांना ते मानवत नाही.

वडीलधाऱ्यांकडून आलेली दुनळी जपणाऱ्यापुढे अशा वेळी दोन वाटा असतात: नवी बंदूक घेऊन स्वस्त पोलादी काडतुसे वापरावीत, किंवा जुनीच ठेवून बिस्मथची महाग काडतुसे घ्यावीत. बिस्मथ मऊ आहे, त्याची घनता शिशाच्या बरीच जवळ जाते आणि जुन्या नळीला त्याचा त्रास होत नाही. कोणती वाट स्वस्त, हे हंगामात किती बार निघतात यावर ठरते. माझे बार मोजके असतात, म्हणून मी बिस्मथ निवडले. दर आठवड्याला पाणथळीवर जाणाऱ्याला नवी बंदूक स्वस्त पडेल. एरवी छातीपर्यंत येणारे जलरोधक बूट-विजार चांगलेच घ्यावेत. खऱ्या पक्ष्यांना जवळ ओढण्यासाठी पाण्यावर ठेवायची नकली बदके मात्र जुनी, रंग उडालेलीही चालतात, ब्रशने रंग दिला की पुन्हा तयार.

कुत्रा साहित्यात धरावा की कुटुंबात, हे मला ठरवता आलेले नाही. साहित्यात धरला तर तो सर्वांत मोठा आणि कधीही न संपणारा खर्च आहे: खाणे, लसी, प्रशिक्षण, म्हातारपणातली औषधे. तरीही लव्हाळ्यात पडलेला जखमी पक्षी माणसाला सापडत नाही आणि कुत्र्याला सापडतो. पाडलेला पक्षी वाया जाऊ देणे मला पटत नाही, म्हणून या खर्चाबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

जंगलात पायी माग काढणारा

रंगीबेरंगी पानांची छपाई असलेल्या कपड्यांवर एक अक्षरही कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण नवशिक्याचा निम्मा पैसा तिथेच जातो. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. केशरी आणि लाल रंग त्याला हिरव्याहून फारसे वेगळे दिसत नाहीत, निळा मात्र ठळक दिसतो. म्हणूनच अनेक ठिकाणी सुरक्षिततेसाठी सक्तीचे असलेले भडक केशरी जाकीट घालूनही शिकार होते. उलट महागडा छापील पोशाख कपडे उजळवणाऱ्या साबणात धुतला तर त्यातली द्रव्ये निळसर चमकतात आणि सगळी छपाई फुकट जाते. हरीण ओळखते ते हालचाल आणि वाऱ्यावरून येणारा वास. पैसे घालायचेच असतील तर अंगालगतच्या लोकरी कपड्यांवर घालावेत. सुती बनियन घामाने भिजले की थांबल्यावर हुडहुडी भरते, लोकर ओली झाली तरी ऊब धरते.

धनुष्याने शिकार करणारा

धागाकर्त्यांनी सरावाच्या काडतुसांचा मुद्दा मांडला, त्यावरून आमच्या पंथाची एक जमेची बाजू सांगतो: बाण पुन्हा वापरता येतो. सुरुवातीचा खर्च मोठा असतो हे खरे. टोकांना कप्प्या म्हणजे फिरती चाके असलेले आधुनिक (कंपाउंड) धनुष्य, त्यावरचे नेम धरण्याचे साधन, दोरी सोडण्याचा खटका, बाण, पाती आणि सरावाचे लक्ष्य मिळून साधी रायफल सहज येते. त्यानंतर मात्र घरामागे रोज सराव करा, दोरी आणि मोडलेले बाण सोडले तर खर्च जवळजवळ नाही. कप्प्यांच्या धनुष्याची करामत अशी की ७० पौंड ताणाचे धनुष्य पूर्ण खेचल्यावर, ८० टक्के भार उतरत असेल तर, हातावर १४ पौंडच उरतात आणि शांतपणे नेम धरता येतो. परंतु खेचण्याची लांबी हाताच्या मापाची असावी लागते. म्हणून स्वस्तात मिळते म्हणून दुसऱ्याचे जुने धनुष्य घेऊ नये, आधी माप जुळते का ते पाहावे. बाणाचा ताठपणाही धनुष्याच्या ताणाशी जुळावा लागतो. नवे मॉडेल दरवर्षी येते आणि दरवर्षी थोडे वेगवान असते, पण वीस-तीस मीटरवरून सोडणाऱ्याला त्या वेगाने काय साधते, हे मला कुणी पटवून दिलेले नाही.

शिकाऱ्याची पत्नी

आमचे यजमान "मांस घरचेच, म्हणजे फुकटच" असे म्हणतात, म्हणून वहीत हिशेब मीच ठेवते. जनावराच्या जिवंत वजनाच्या निम्म्याहूनही कमी हाडाविना मांस हाती येते. त्यावर परवाना, प्रवास, काडतुसे, फ्रीझर आणि त्याची वीज टाकली आणि रायफल-दुर्बीण वीस वर्षांवर वाटून घेतली, तर हरीण मिळालेल्या वर्षी किलोचा भाव दुकानातल्या चांगल्या मांसाच्या आसपास येतो आणि न मिळालेल्या वर्षी भागाकारच करता येत नाही. म्हणून मी वहीत दोन रकाने पाडले आहेत, एक मांसाचा आणि दुसरा हौसेचा. नवी दुर्बीण हौसेच्या रकान्यात जाते. धारदार सुऱ्या, हवा काढून पिशव्या बंद करणारे यंत्र आणि फ्रीझर मांसाच्या रकान्यात. या तीन वस्तूंना मी कधी नाही म्हटलेले नाही, कारण जनावर लवकर थंड झाले नाही आणि नीट बांधून ठेवले नाही तर आधीचा सगळा खर्च वाया जातो. हौसेला मोल नसते म्हणतात. आमच्या वहीत आहे आणि ते दरवर्षी वाढते.

अमेरिकेत राहणारा सदस्य

वहिनींच्या वहीत तिसरा रकाना असावा असे सुचवतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार इथे रायफली, शॉटगन (छऱ्यांच्या बंदुका) आणि दारूगोळ्यावर ११ टक्के उत्पादन शुल्क बसते, धनुष्यबाणांवरही बसते, आणि ते पैसे राज्यांना वन्यजीव आणि त्यांच्या अधिवासासाठी वाटले जातात. साहित्य महाग वाटते तेव्हा मी तेवढा भाग वेगळा मोजतो.

या वर्षी सुरुवात केलेली नवशिकी

मी अजून बूट आणि कानांचे संरक्षण एवढेच विकत घेतले आहे. बाकी सगळे ज्यांच्याबरोबर जाते त्या काका-काकूंचे आहे. वरचे सगळे वाचून धनुष्य की रायफल हे ठरले नाही, पण छापील पोशाखाचा विचार सोडला आहे. मला विचारायचे आहे ते असे, की ज्यावर काटकसर करूच नये असे काय आहे?

मचाणावरून शिकार करणारा

नवशिक्या सदस्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे: मचाणावर बसणार असाल तर अंगभर बसणारा सुरक्षापट्टा. मचाणावरून पडणे हे शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे एक मोठे कारण आहे आणि पडणारे बरेचदा चढता-उतरताना पडतात. म्हणून वर पोचल्यावर पट्टा बांधणे पुरत नाही; जमिनीपासून झाडाला बांधलेला दोर आणि त्यावर सरकणारी गाठ हवी, म्हणजे पहिल्या पायरीपासून माणूस बांधलेला राहतो. पट्ट्यावर मुदत छापलेली असते. ती संपली की नवा घ्यावा, जुना कुणाला देऊ नये. पट्ट्याला लोंबकळत राहिल्यास पायांतले रक्त वर येत नाही, त्यासाठी पाय टेकवायची जादा पट्टी खिशात असावी. या सगळ्याची किंमत चांगल्या स्कोपच्या, म्हणजे रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीच्या, छोट्याशा भागाइतकीही होत नाही.

कानांचे संरक्षण घेतलेत ते उत्तम. रायफलीचा बार १५० डेसिबलच्या पुढे जातो आणि १४० च्या वरचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. हलके आवाज वाढवणारी आणि मोठा आवाज तत्काळ दाबणारी इलेक्ट्रॉनिक झाकणे मिळतात. ती घालून पाचोळ्यातली पावले उलट अधिक स्पष्ट ऐकू येतात, त्यामुळे शिकारीत ती काढून ठेवायचे कारण राहत नाही.

धागाकर्ता

जंगलात बसवून ठेवायच्या कॅमेऱ्यांवर अजून कुणी लिहिलेले नाही. माझ्या माहितीतल्या साहित्यात सर्वांत लवकर जुनी होणारी वस्तू तीच: बॅटऱ्या, फोनवर छायाचित्रे पाठवणाऱ्या प्रकारांची मासिक वर्गणी, आणि विकायला काढले तर घेणारा कुणी नाही, चांगली दुर्बीण किंवा रायफल मात्र दहा वर्षांनीही बरा भाव देते. तीन-चार कॅमेरे हंगामभर चालवणाऱ्यांनी वर्गणी आणि बॅटऱ्यांसह त्यांचा हिशेब इथे मांडावा, आणि त्या छायाचित्रांमुळे बसण्याची जागा कधी खरोखर बदलली का, तेही लिहावे.