हसरा बर्फाचा माणूस काढायला शिकवाल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याची. पहिलीतल्या नातीला बर्फाचा माणूस काढायचाय, तोही हसरा. आपल्याकडे बर्फ कुठला पडायला! थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचं दव गोठतं, तेवढंच तिने पाहिलंय. त्यामुळे समोर बघून काढायची सोय नाही.

खाली मोठा गोळा, वर मधला, त्यावर डोक्याचा लहान, इथवर जमतं. वाटी आणि बांगडी ठेवून आम्ही गोल आखले. पण गोळे नुसते टेकवले की वाटतं, आत्ता घरंगळतील. वरचा गोळा खालच्यात थोडा बुडवून आतली रेघ खोडायची का?

खरी अडचण रंगाची आहे. पांढऱ्या कागदावर पांढरा माणूस दिसतच नाही. निळ्या घोटीव कागदावर पांढरा तेलखडू घासला, तर तो नीट धरेना. खरखरीत रंगीत कागद घेऊ का? आणि सावलीला राखाडी रंग दिला की अंग मळकट दिसतं. फिकट निळा चालेल?

चेहऱ्यावर मात्र तिचा जीव आहे. कोळशाचे डोळे झाले, पण तोंडाचे ठिपके सरळ ओळीत आले की तो रुसलेला वाटतो. टोकं किती वर न्यावीत? गाजराचं नाक समोरून दाखवावं की बाजूला वळलेलं? मला बाजूचं सोपं वाटतं. काटक्यांचे हात आणि लाल मफलर ती स्वतःच काढणार आहे, त्यात मी हात घालणार नाही.

रविवारी ती पुन्हा येतेय. त्याआधी कुणी टप्प्याटप्प्याने सांगितलं तर फार बरं होईल.