जिंजीचा किल्ला आणि विळुप्पुरम जिल्हा : दोन दिवसांत काय पाहावे?

प्रश्न (वाटसरू)

नमस्कार. जानेवारीच्या अखेरीस कामानिमित्त चेन्नईला जाणे आहे आणि त्याला जोडून दोन दिवस मोकळे मिळत आहेत. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला म्हणजे जिंजी, आणि तो पाहण्याची फार दिवसांची इच्छा आहे. सोबत आई असेल. तिचे वय सत्तरीच्या पुढे असून तिला तिरुवण्णामलैला दर्शनाला जायचे आहे. सकाळी चेन्नईहून निघून, वाटेत किल्ला पाहून, संध्याकाळी तिरुवण्णामलैला पोहोचणे जमेल का? किल्ल्याखेरीज विळुप्पुरम जिल्ह्यात थांबण्यासारखे काही आहे का?

उत्तर (दुर्गप्रेमी)

अंतराच्या दृष्टीने जमेल, कारण चेन्नईहून तिंडिवनममार्गे जिंजी साधारण १६० किलोमीटर आहे आणि तिथून तिरुवण्णामलै ४० किलोमीटरच्या आत आहे. तरीही माझी कळकळीची विनंती आहे की जिंजीला वाटेतला थांबा करू नये. हा एक गड नसून राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी अशा तीन डोंगरांना तटबंदीने जोडून घेतलेला विस्तीर्ण दुर्ग आहे. राजगिरी सुमारे ८०० फूट उंच आहे. वर पोहोचण्याआधी खडकातील एक खोल भेग पुलावरून ओलांडावी लागते, आणि ही एकच वाट अडवली की माथा किती सुरक्षित राहत असेल, हे तिथे उभे राहिल्यावरच कळते. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला नसता, तर १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडल्यावर छत्रपती राजाराम महाराजांना जाण्यासारखी दुसरी इतकी बळकट जागा कोणती होती, हा विचार मनातून जात नाही. झुल्फिकारखानाचा वेढा १६९० मध्ये सुरू झाला आणि किल्ला १६९८ मध्ये पडला. त्याआधीच महाराज निसटले होते. तेवढी वर्षे मराठ्यांची राजधानी याच खडकांवर होती.

दुपारी ठरावीक वेळेनंतर राजगिरीवर चढू देत नाहीत. म्हणून आदल्या रात्री तिंडिवनमला किंवा जिंजीतच मुक्काम करून सकाळी दार उघडताच चढाईला लागावे. वर माकडांचा उपद्रव आहे, त्यामुळे खाण्याच्या पिशव्या हातात ठेवू नयेत.

उत्तर (शिळालेख)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. आपण जिल्ह्याबद्दलही विचारले आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडचे बहुतेक प्रवासी किल्ला पाहून परततात आणि आसपासच्या टेकड्यांवर हजार वर्षे आधीच काय घडून गेले होते, ते पाहायचे राहून जाते.

जिंजीच्या उत्तरेला सिंगवरम येथे टेकडीच्या खडकात कोरलेला शेषशायी रंगनाथ आहे. त्याच्याजवळ तिरुनादरकुन्रू नावाच्या टेकडीवर एका प्रचंड शिळेवर २४ तीर्थंकर दोन ओळींत कोरलेले आहेत, आणि चंद्रनंदी नावाच्या आचार्यांनी ५७ दिवसांचे अनशन करून देह ठेवल्याचा लेख तिथेच आहे. विळुप्पुरमच्या दिशेने गेल्यास मंडगपट्टूचे लेणे लागते. आकाराने ते लहान आहे, पण पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मा याने तिथल्या संस्कृत लेखात सांगून ठेवले आहे की ब्रह्मा, ईश्वर आणि विष्णू यांचे हे स्थान विटा, लाकूड, धातू आणि चुना यांच्याविना निर्माण केले. सातव्या शतकाच्या आरंभीचे हे काम आहे. तमिळ देशातील दगडी मंदिरांची थोर परंपरा जिथून उलगडत गेली त्या आरंभीच्या जागांपैकी ही एक असूनही तिथे बहुधा कोणीच नसते, याचे मला प्रत्येक वेळी वाईट वाटते. सवड असेल तर पनमलैचे तालगिरीश्वर मंदिरही पाहावे. कांचीचे कैलासनाथ मंदिर बांधणाऱ्या राजसिंह पल्लवाचेच ते काम असून, एका उपगर्भगृहाच्या भिंतीवर छत्राखाली उभ्या असलेल्या पार्वतीचे चित्र अंशतः टिकून आहे.

वाटसरू

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन्ही दिवस याच भागाला द्यायचे ठरवले आहे. मी राजगिरी चढत असताना आईने काय पाहावे?

उत्तर (शिळालेख)

पायथ्याचा कल्याणमहाल, धान्यकोठारे आणि वेंकटरमण मंदिर त्यांना फारसे न चढता पाहता येईल. या मंदिराचे काही कोरीव खांब फ्रेंचांनी पुदुच्चेरीला नेले आणि ते आज तिथल्या गांधीपुतळ्याभोवती उभे आहेत. तरीही उरलेले गोपुर आणि मंडप निवांत पाहण्यासारखे आहेत. मंडगपट्टूलाही त्यांना न्यावे, तिथे चढाई नाही.

तारखा मात्र पंचांग पाहून ठरवा. पौर्णिमेला तिरुवण्णामलैच्या १४ किलोमीटरच्या गिरिप्रदक्षिणेसाठी अफाट गर्दी लोटते आणि खोली मिळत नाही; अमावास्येच्या रात्री जिंजीजवळच्या मेलमलयनूरच्या अंगाळम्मन देवीला तशीच गर्दी असते व त्या बाजूचे रस्ते भरून जातात. आईंना शांतपणे दर्शन घडवायचे असेल तर या दोन्ही तिथी टाळून, पहिला दिवस किल्ल्याला आणि मंडगपट्टूला द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिंगवरम करून तिरुवण्णामलैकडे निघावे.