उभ्याची जेट स्की लाटांत न्यायची तर स्टाईल कुठली धरायची? (मुंबईच्या पाण्यासाठी विचारतोय)

मालाडचा_दर्यावेडा

मंडळी जरा सल्ला द्या. मी आणि मावसभावाने भागीत एक जुनी यामाहा सुपरजेट घेतलीये, ७०१ सीसी टू-स्ट्रोक, हल (म्हणजे मशीनचं खालचं अंग) स्टॉकच आहे, कंपनीतून आला तसा. रजिस्ट्रेशन, परवानगी वगैरे सगळं झालंय त्यामुळे तो विषय इथे नको. आणि नागाव-काशीदला मागे बसवून फिरवतात ती जेट स्की नव्हे ही, हिला सीटच नसते, मागच्या ट्रेमध्ये उभं राहायचं आणि पुढे वर-खाली होणारा लांब पोल, त्याला हँडल.

सपाट पाण्यात आता बरं जमतंय, गुडघ्यावरून उठणं, वळणं, पडलो की परत चढणं. आता लाटांत न्यायचीये आणि इथेच घरात वाजलंय. भावाचं म्हणणं हा हल विकून टाकू, छोटा कार्बनचा फ्रीस्टाईल हल घेऊ, मोठं इंजिन टाकू आणि डायरेक्ट बॅकफ्लिप शिकू. माझं म्हणणं असं की लाट मिळतेय तर लाटेवर चालव ना बाबा, तिच्या अंगावरून कापत जा, वर जाऊन वळव, खाली ये, सर्फिंगवाले करतात तसं. तो म्हणतो ही रिटायर्ड लोकांची स्टाईल. कोण बरोबर? आणि आपल्या इकडच्या लाटांना नक्की काय झेपतं?

पिस्मोचा_पाहुणा

मी कामासाठी कॅलिफोर्नियात असतो आणि पिस्मो बीचवर ही मंडळी भरपूर बघितलीयेत, तिथे एका पट्ट्यात गाडी थेट वाळूवर नेता येते म्हणून ट्रेलर पाण्यापर्यंत जातो, त्यामुळे जत्राच असते. तुमचं भांडण नवीन नाहीये, तिकडे पण दोन तट आहेत.

थोडा इतिहास सांगतो कारण त्यात उत्तर आहे. कावासाकीने सत्तरच्या दशकात ही उभ्याची जेट स्की आणली, मग ऐंशीच्या दशकात ५५० आली. अरुंद हल, ताकद बेताची, आणि पाय अडकवायला काही नाही. असल्या मशीनवर लाटेत करण्यासारखं एकच होतं, लाटेची ताकद वापरायची. उतारावर थ्रॉटल कमी करून घसरायचं, अंग झुकवून हलची कड पाण्यात रोवायची आणि वळण संपताना परत गॅस द्यायचा. तुझी ‘रिटायर्ड’ स्टाईल ती ही. १९९० ला सुपरजेट आली, जास्त रुंद आणि ताकदवान, साधारण सव्वादोन मीटर लांब. मग लोकांनी ट्रेमध्ये फुटहोल्ड बसवले आणि सगळा खेळच पालटला, कारण पाय अडकले की उडी मारताना मशीन तुमच्याबरोबर वर येते. तिथून पुढे बॅकफ्लिप, बॅरल रोल, नाक पाण्यात खुपसून उभं राहणं, सगळं सुरू. नवीन फ्रीस्टाईल हल तर याच कामासाठी बनतात, नाक वर वळलेलं, वजन अगदी कमी, इंजिन दांडगं. त्यांना लाट लागतच नाही, तलावात सुद्धा जागच्या जागी उलटी उडी मारतात.

म्हणजे फ्रीस्टाईलवाला लाटेकडे रॅम्प म्हणून बघतो आणि तू जे म्हणतोयस त्यात लाट म्हणजेच रस्ता. मला स्वतःला दुसरं बघायला जास्त आवडतं, पण तिथली पोरं मधलंच काहीतरी करतात, दोन वळणं घेतात, चांगला कडा दिसला की उडी टाकतात. त्याला ते फ्रीराईड म्हणतात.

दर्या_कोळी

कॅलिफोर्निया राहू दे भावा, आपल्या पाण्याचं बोल.

आपल्या किनाऱ्याला उतार फार कमी. लाट लांबूनच फेसाळत येते, कडा असा उभा राहतच नाही. आणि भरतीला पाणी पार वर आलं की उलट, तेव्हा लाट उभी राहते पण अगदी काठावर, गुडघाभर पाण्यात आपटते. म्हणजे रॅम्प हवा तिथे पाणी नाही आणि पाणी आहे तिथे रॅम्प नाही. भावाला सांग हे.

दुसरं, तारीख-तिथी बघून जा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, तासाभरात तुझी जागा पार बदललेली असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी संथ चढतं-उतरतं, नवशिक्याने भांगालाच जावं. तिसरं वारा. शाळेत शिकलेलं मतलई वारे आणि खारे वारे विसरलात का? थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो लाटेच्या तोंडावर येतो आणि लाट साफ उभी ठेवतो. दुपार व्हायला लागली की खारा वारा येतो आणि सगळं पाणी खडबडीत. सकाळी नऊ-दहाच्या आत उरकायचं.

पावसाळ्यात लाटा मोठ्या असतात म्हणून कुणी हौस करेल, तर नारळी पौर्णिमेआधी आम्ही पण होडी काढत नाही एवढं लक्षात ठेवा. आणि आक्सा बीचला नको, तिथली ओढ खोटी आहे, दरवर्षी पोरं जातात.

आणि डोल जाळ्यांचे पाण्यात रोवलेले खुंट आणि वर तरंगणारे बोये बघा रे बाबा. तुमची मशीन पाणी खालून ओढते, आमची दोरी पण ओढेल. तुमचं नुकसान होईलच, पण आमचं जाळं फाटलं की भांडण आहे.

टूस्ट्रोक_काका

कोळीबुवा बरोबर. मी आखातात बरीच वर्षं होतो, तिकडे उभ्याच्या जेट स्कीचं भारी वेड आहे, त्यामुळे मशीनच्या अंगाने सांगतो.

स्टाईल नंतर. आधी हे समजून घे की या मशीनला सुकाणू नाही, पाण्याची धार मागून सुटते आणि नोझल फिरलं की ती धार फिरते, वळण तेवढ्यावरच. थ्रॉटल सोडला की हँडल मेलं. घाबरलेला माणूस समोर लाट बघून आधी थ्रॉटलवरचं बोट सोडतो, आणि नेमकं त्याच वेळी मशीन आडवी होते आणि लाट तिला लोळवते. तू जी कापत जायची स्टाईल म्हणतोस तिच्यात थ्रॉटल सोडून फक्त अंगाने वळवायला शिकावं लागतं, म्हणून ती दिसते सोपी पण मुरायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट फेस. पांढऱ्या पाण्यात हवा असते, इम्पेलरला, म्हणजे पाणी मागे ढकलणाऱ्या आतल्या पंख्याला, धरायला पाणीच मिळत नाही. इंजिन किंचाळतं आणि मशीन जागेवर. म्हणून बाहेर जाताना फेस यायच्या आधी वेग घेऊन ठेवायचा, वजन मागच्या पायावर, गुडघे मऊ, नाक थोडं वर, आणि लाट सरळ घ्यायची. माथ्यावर पोचायच्या आधी बोट सैल करायचं नाहीतर तू वर आणि मशीन भलतीकडे. एका पाठोपाठ मोठ्या लाटांचा गट येतो, तो जाऊ द्यायचा, मग निघायचं.

उलटली तर कुठल्या बाजूने सरळ करायची त्याचं स्टिकर मागे असतं, ते पुसलं गेलं असेल तर मॅन्युअल बघून मार्करने बाण काढून ठेव. चुकीच्या बाजूने फिरवली तर एक्झॉस्टच्या वॉटरबॉक्समधलं पाणी सिलिंडरकडे येऊ शकतं, मग प्लग काढून पाणी बाहेर टाकत बस. लाटांत दिवसभरात किती वेळा उलटेल याची गणती नाही, म्हणून हुडचं सील नवीन टाक आणि आत शिरलेलं पाणी बाहेर टाकणारा बिल्ज पंप नसेल तर बसव. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं प्रमाण मॅन्युअलचंच, इंजिन रिबिल्ट केलंय असं विकणारा म्हणाला असेल तर त्यालाच विचार.

आणि मुंबईत खास बाब म्हणजे प्लास्टिक. पाणी आत ओढतात त्या खालच्या जाळीला दुधाची एक पिशवी चिकटली की धार अर्धी. परवा एकाची मशीन उघडली तर शाफ्टवर नायलॉनचा निळा दोरा इतका घट्ट की वितळून नळीसारखा झालेला, हॅकसॉच्या पात्याने कापून काढला. कमरेएवढं पाणी असल्याशिवाय स्टार्टर दाबू नका, वाळू आत गेली की इम्पेलर आणि भोवतीची रिंग दोन्ही खरवडतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने फ्लश, आधी इंजिन चालू मग नळ, बंद करताना आधी नळ मग इंजिन. उलटं केलं तर पाणी आत साचतं.

मी_तो_मावसभाऊ

मला लिंक पाठवली म्हणून अकाउंट काढलं 😄

कोळीदादा रॅम्प नाही म्हणता ना, तेच तर माझं म्हणणं! आपल्याकडे लाट भिकार आहे मान्य. मग भिकार लाटेवर लांब हल घेऊन कापायचं काय? एक वळण घेईपर्यंत लाट विझते. त्यापेक्षा ज्या हलला लाट लागतच नाही तो घ्या, खोल पाण्यात जा, स्वतःच्या ताकदीवर उलटी मारा. पाहुण्यांनीच लिहिलंय तलावात पण होतं म्हणून. आणि नवीन चार सिलिंडरवाली कावासाकी १५०० घ्या म्हणत नाहीये मी, ती अडीचशे किलोची आहे, ती लाटेत अंगावर आली तर संपलं. हलकं घ्या एवढंच.

कयाकवाली

दोघांच्या मध्ये बोलते, मी जेट स्की चालवत नाही पण मार्वे-मनोरीच्या पाण्यात पॅडल मारते आणि किनाऱ्यावरच्या लाटांत पडणं-उठणं रोजचं आहे.

मावसभाऊ, तुझा मुद्दा खोल पाण्यापुरता खरा आहे, पण तू लाटांत उलटी मारणार आहेस की लाटांच्या पलीकडे ते आधी ठरव. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वा-दीडपट खोलीवर फुटते. म्हणजे मीटरभर लाट फुटतेय तिथे खाली फार तर दीड मीटर पाणी, आणि तू तिथे डोकं खाली करून सव्वाशे किलोपेक्षा जास्त वजनाच्या मशीनखाली. मानेचं काय होईल? लाटांच्या पलीकडे सात-आठ मीटर पाण्यात कर काय करायचं ते, पण मग ते सर्फ रायडिंग राहिलंच नाही, तेच तू पवईला करू शकला असतास (परवानगी नाही, उगाच कुणी जाऊ नका).

आणि दोघांनाही. पडल्यावर मशीन आणि किनारा यांच्या मध्ये कधी राहू नका. मागून लाट येते आणि मशीन तुमच्या अंगावरून किनाऱ्याकडे जाते. पडल्या पडल्या समुद्राच्या बाजूला व्हायचं. किल-स्विचची (पडलात की इंजिन बंद करते ती) दोरी मनगटाला किंवा जॅकेटला हवीच, हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट पण, पोल तोंडावर येतो तेव्हा पोलवरचं हनुवटीचं पॅड फारसं कामाला येत नाही. पोहणारे, कुत्री फिरवणारे, क्रिकेटवाले यांच्यापासून लांब, तुम्हाला ब्रेक नाहीत.

पिस्मोचा_पाहुणा

@मावसभाऊ छोटी दुरुस्ती, ती कावासाकी फोर-स्ट्रोक आहे आणि सिलिंडर चार आहेत हे बरोबर, पण लाटेत ती चालवणारे पण आहेत, मोठ्या लाटेत लांब हल सरळ राहतो. उलट तुझा छोटा हल लाटांतून बाहेर जातानाच जीव काढेल, नाक सतत वर-खाली आपटतं, सरळ चालतच नाही. फ्रीस्टाईलवाले सुद्धा आधी स्टॉक हलवर घासून आलेले असतात. फुटहोल्ड बसव, पोल तुझ्या उंचीप्रमाणे बघ, एक सीझन काढ. हल नंतरही विकता येईल, जुन्या टू-स्ट्रोक सुपरजेटला गिऱ्हाईक मिळतं कारण २०२१ पासून यामाहाने ती फोर-स्ट्रोक केली आणि वजन पण वाढलं.

दर्या_कोळी

मावसभाऊ लाट भिकार म्हणू नको रे. एप्रिल-मे मध्ये कधी कधी वारा नसताना लांबून गुळगुळीत लाट येते, पार दक्षिणेच्या महासागरातून. दोन लाटांमध्ये अंतर जास्त, म्हणून ताकद पण जास्त. २०२४ च्या मे मध्ये आली होती तेव्हा पालिकेने इशारा दिला होता. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी समुद्र-माहिती संस्था अशा लाटांचा अंदाज देतं, ते बघत जा. इशारा असेल तेव्हा काठावर बसून बघायचं, दोन दिवसांनी उतरते तेव्हा जायचं. तेव्हा तुझ्या भावाची स्टाईल बघ, शंभरेक मीटर एकाच लाटेवर जाशील.

मालाडचा_दर्यावेडा

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. तात्पुरतं ठरलंय, हल राहणार, फुटहोल्ड मात्र भावाच्या पसंतीचे आणि त्याचा खर्च त्याचा. काका, फुटहोल्ड बसवताना ट्रेला भोकं पाडावी लागतात का? फायबर आहे, भीती वाटते.

टूस्ट्रोक_काका

भोकं पाडू नकोस. ट्रे घासून खडबडीत कर, ॲसिटोनने पुसून घे, मग फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी रेझिन लावून चिकटव. आधी पायात बूट घालून उभा राहा आणि पेन्सिलने खूण कर, लोक अनवाणी माप घेतात आणि मग बूट अडकतो. मागचा पाय थोडा बाहेर वळलेला ठेव, पडताना पाय सुटला पाहिजे. रेझिन पावसाळी हवेत नीट सुकत नाही, ऑक्टोबर उजाडू दे.

मी_तो_मावसभाऊ

खर्च माझा हे कधी ठरलं??