ब्लॅक बायकांची नाटकं वाचायचीयत, सुरुवात कुठून करू?

तिसरी_घंटा:
नमस्कार मंडळी, आमचा नाट्यवाचनाचा ग्रुप आहे, सात-आठ जणी, रविवारी कुणाच्या तरी घरी बसून नाटक मोठ्याने वाचतो. आता अमेरिकेतल्या ब्लॅक स्त्री नाटककार घ्यायचं ठरलंय. मी फक्त लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' वाचलंय, १९५९ चं, ब्लॅक बाईने लिहिलेलं ब्रॉडवेवरचं (न्यूयॉर्कची मुख्य व्यावसायिक रंगभूमी) पहिलं नाटक. शिकागोच्या साउथ साइडमधलं ते घर, बाथरूम बाहेर पॅसेजमध्ये शेजाऱ्यांबरोबर शेअर, पोरगं बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतं, सकाळी गजर वाजला की पहिला नंबर कोणाचा यावरून घाई. मी चाळीत वाढलेय, पहिल्याच पानाला त्या घरात शिरले. पण ग्रुपमधली एक मैत्रीण म्हणते शेवट तर घरातला मोठा मुलगा वॉल्टर 'पुरुष' झाला यावरच येतो ना, मग यात फेमिनिस्ट काय? मला पटत नाहीये पण उत्तरही देता येईना. आणि यानंतर काय वाचावं तेही सांगा प्लीज.

पडद्यामागे:
मैत्रिणीला वॉल्टरच्या बायकोकडे, रूथकडे नीट बघायला सांगा. पहिल्या प्रवेशात हीच रूथ पोराला शाळेसाठी पन्नास सेंट नाहीत म्हणून ठाम नाही म्हणते, आणि पुढे कळतं की गर्भपातासाठी एका बाईकडे तिने पाच डॉलर अॅडव्हान्स ठेवलेत. नवऱ्याला सांगितलेलं नाही. घरातला पैसा कसा जपला जातो आणि बाईच्या अंगावर काय येतं, सगळं त्या पाच डॉलरमध्ये आहे, आणि हे १९५९ साली, गर्भपात बेकायदा असताना.

पण ग्रुपसाठी माझं मत अॅलिस चाइल्ड्रेसचं 'ट्रबल इन माइंड'. नाटकाच्या तालमीचं नाटक आहे, मोठ्याने वाचायला याहून चांगलं मला माहीत नाही. विलेटा ही मुरलेली ब्लॅक नटी, सुरुवातीला नवख्या पोराला शिकवते की गोऱ्यांच्या जोकवर हसायचं, लहानपणी 'पोर्गी अँड बेस' या ब्लॅक पात्रांच्या गाजलेल्या ऑपेरामध्ये होतो म्हणून ठोकून द्यायचं. बसवतायत ते नाटक एका गोऱ्या लेखकाचं, त्यात मुलाला मारायला जमाव आलाय आणि आईच त्याला स्वाधीन व्हायला पाठवते. विलेटा अडून बसते, कुठली आई असं करेल? दिग्दर्शकाला उत्तर सुचत नाही आणि भडकून तो बोलून जातो की माझ्या मुलाची नि तुझ्या मुलाची बरोबरीच होत नाही. तालीम तिथेच फुटते.

हे १९५५ ला ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कच्याच छोट्या थिएटरात झालं, मग ब्रॉडवेवर न्यायचं ठरलं पण निर्मात्यांना बदल हवे होते, चाइल्ड्रेसने नकार दिला. तेव्हा आलं असतं तर पहिलेपणाचा मान हॅन्सबेरीच्या आधी तिला मिळाला असता. ब्रॉडवेवर ते आलं थेट २०२१ मध्ये, ती १९९४ लाच गेली. मला याचा अजून राग येतो.

वऱ्हाडची_लेक:
चाइल्ड्रेसला +१. पण तुम्ही सात-आठ जणी असाल तर न्टोझाके शांगेचं 'फॉर कलर्ड गर्ल्स' सोडूच नका, त्यात बरोब्बर सात बायका आहेत, नावं नाहीत, फक्त रंग, लाल, निळी, पिवळी असं. ती त्याला कोरिओपोएम म्हणायची, कविता आणि नाच एकत्र. १९७४ ला बर्कलीजवळच्या बायकांच्या एका बारमध्ये सुरू झालं आणि १९७६ ला ब्रॉडवेवर पोचलं, सातशेच्या वर प्रयोग.

मी त्यातला लालवालीचा शेवटचा भाग मराठीत करून बघितलाय, स्वतःपुरता. ती क्रिस्टल नावाच्या बाईची गोष्ट सांगत असते, व्हिएतनामहून परतलेला तिचा माणूस दोन्ही लेकरांना पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर धरतो, माझ्याशी लग्न करते म्हण म्हणतो. इतका वेळ ती 'ती' म्हणून सांगतेय आणि नेमकं तिथे 'मी' होते. आपल्याकडे हे एका मात्रेवर येतं बघा, 'ती उभी होती' आणि पुढच्याच ओळीत 'मी उभी होते'. वाचताना माझा आवाज गेला. मुद्दाम पॉज बिज घेऊ नका तिथे, सरळ वाचा.

तिसरी_घंटा:
अंगावर काटा आला ताई. अजून एक, आम्ही वाचता वाचता मराठी करतो, तर ब्लॅक पात्रांना एखादी बोली द्यावी का?

वऱ्हाडची_लेक:
उगाच नको गं. माझी बोली मालिकेत कामवाल्या बाईच्या तोंडी हसवायला घालतात तेव्हा कसं वाटतं ते मला विचार. 'ट्रबल इन माइंड'मध्ये तर हाच मुद्दा आहे, आतल्या नाटकातली भाषा गोऱ्या लेखकाने बनवलेली खोटी खेडवळ, आणि तीच माणसं आपसात बोलतात तेव्हा साधी न्यूयॉर्कची. म्हणून फक्त आतल्या नाटकाला ती खोटी भाषा द्या, बाकी घरात बोलतो तसं.

पडद्यामागे:
अगदी. नंतर एड्रियन केनेडी घ्या (अवघड आहे, दोनदा वाचावं लागेल, ब्रॉडवेवर पहिल्यांदा आली तेव्हा वय ९१!) आणि लिन नॉटेज, नाटकाचं पुलित्झर (अमेरिकेतलं मोठं पारितोषिक) दोनदा मिळालेली एकमेव बाई, तिचं काँगोमधल्या युद्धातल्या बायकांवरचं 'रुइन्ड' वाचाच.

तिसरी_घंटा:
ठरलं, या रविवारी चाइल्ड्रेस. विलेटा त्या मैत्रिणीलाच वाचायला देतेय.