महाभोपळा आला नाही म्हणून पिक्चर वाईट?

एडिसनकर:
काल 'दोन_मुलींची_आई' यांनी लिहिलं की 'इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राउन' लहान मुलांना दाखवूच नका. का, तर सगळी पोरं एकमेकांना मठ्ठ म्हणतात, हॅलोविनला (३१ ऑक्टोबर, पोरं वेष घालून दारोदार खाऊ मागतात) लोक चार्लीच्या पिशवीत दगड टाकतात, आणि त्याचा मित्र लायनस खेळणी आणणाऱ्या महाभोपळ्याची वाट बघत रात्रभर भोपळ्याच्या मळ्यात बसतो तरी तो काही येत नाही. त्यांची सहा वर्षांची मुलगी रडली. तिथेच दोन ओळी लिहायला गेलो, आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

अहो ताई, रडली म्हणजे पोचलं की! पंचवीसेक मिनिटांचं कार्टून, ऑक्टोबर १९६६ मध्ये अमेरिकेत सीबीएस चॅनलवर पहिल्यांदा लागलं. कुणाला चॉकलेट, कुणाला चक्क नाणं, आणि हा चार्ली तीन वेळा पिशवीत डोकावून तेच सांगतो, मला दगड मिळाला. ते बघून पोरांनी चार्ली ब्राउनच्या नावानं त्याला जन्म देणाऱ्या चित्रकार शुल्झसाहेबांकडे खाऊ धाडला होता. हे गुडीगुडी कार्टून बघून झालं असतं का?

माझं सांगतो. सांगलीला वाड्यात संक्रांतीला डबा घेऊन तिळगूळ मागत फिरायचो. एका काकूंनी सगळ्यांना लाडू दिले आणि माझ्या डब्यात चिमूटभर साखर, कारण आदल्या आठवड्यात माझ्या बॉलनं त्यांची कुंडी फुटली होती. चाळीस वर्षं झाली, लाडू कुणाकुणाचे खाल्ले ते आठवत नाही, साखर आठवते. त्या वयात चार्ली बघितला असता तर निदान कळलं असतं की आपण एकटे नाही.

दोन_मुलींची_आई:
"पोचलं की" म्हणे. रात्री दोन वाजता उठून तिला थोपटत मी बसले होते, तुम्ही नाही. दुसऱ्या दिवशी विचारते, आई मला पण दगड देतील का. परीचा ड्रेस आणलेला तसाच पडून.

आणि दगडाचं सोडा, त्या पार्टीचं काय? चार्लीला आमंत्रण येतं, तो आनंदानं नाचतो, तर लायनसची बहीण ल्युसी सांगते की याद्या दोन होत्या, बोलवायच्यांची आणि न बोलवायच्यांची, तुझं नाव चुकून आलं. वर पार्टीत त्याच्या टकलाचा फळा करून भोपळा कसा कोरायचा ते दाखवतात. माझ्या मोठीला मागच्या वर्षी वर्गातल्या एका वाढदिवसाला बोलावलं नव्हतं, ती उठून आत गेली. तुमची साखर गोड तरी होती.

पेठेतला_बाप:
मुळात हॅलोविन हवंय कशाला? तुम्ही तिकडे अमेरिकेत राहता, करा. पण आमच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला चाळीस पोरं दारात उभी, आणि दिवाळीच्या किल्ल्याला माती आणायला मी आणि वॉचमन. हे असले पिक्चर दाखवूनच...

एडिसनकर:
@पेठेतला_बाप या कार्टूनमुळे तुमच्या सोसायटीत हॅलोविन आलं? तुमच्यातल्या किती जणांनी चार्ली ब्राउन बघितलाय? किल्ल्याचं दुःख खरं आहे पण ते इथे नको.

संत्रानगरी:
बाकी काही असो, पम्पकिनला भोपळा म्हणणं बंद करा बरं. आमच्याकडे ते कोहळं. लाल असतं, त्याची भाजी होते. भोपळा म्हणजे काय, दुधी?

घारगेवाली:
कोहळा म्हणजे ज्याचा पेठा करतात तो पांढरा! दाराला बांधतात तो! लाल भोपळ्याला कोहळं म्हणणाऱ्या जाऊबाईंमुळे आमच्याकडे एकदा घारग्यांसाठी पांढरा कोहळा आला होता, अख्खा पाच किलोचा.

जळगावचं_भरीत:
दोन्ही चूक, ते डांगर.

घारगेवाली:
डांगर उडदाच्या पिठाचं असतं, कांदा घालून, ताकात कालवून!! काय लावलंय.

म्हापशेकार:
आमच्याकडे तर त्याला दुदी म्हणतात. चालू द्या.

संत्रानगरी:
म्हणजे पुण्याकडे जे म्हणतात तेच मराठी आणि आम्ही बोलतो ते चुकीचं, हेच ना? साठ वर्षं ऐकतोय.

घारगेवाली:
मी पुण्याची नाही, चिपळूणची आहे. आणि चुकीचं म्हटलं नाही, पाच किलो कोहळा मी किसलाय एवढंच म्हटलं.

माळकरी_इन_मँचेस्टर:
मूळ विषयावर येतो. मला लायनस फार जवळचा वाटतो. महाभोपळा कुठे उगवतो, तर ज्या मळ्यात सगळ्यात जास्त खरेपणा असेल तिथे. मोठा मळा नको, सजवलेला नको. हे आपलंच नाही का, देव भावाचा भुकेला? थंडीत, सगळे हसतायत, खाऊ बुडतोय, तरी पोरगं बसून आहे. शेवटी तोंडून 'आला तर' निघून जातं आणि स्वतःच घाबरतो, 'आला की' म्हणायचं होतं म्हणून. त्या एका 'तर'वर मी दरवर्षी अडकतो.

पेठेतला_बाप:
विठोबाची आणि भोपळ्याची तुलना? शोभतं का? तो पिक्चर श्रद्धेची टिंगल करतो साहेब, अंधारात कुत्रा उभा राहतो आणि हा देव आला समजून बेशुद्ध पडतो, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय.

माळकरी_इन_मँचेस्टर:
विठोबाचं नाव मी घेतलंच नव्हतं, तुम्ही घेतलंत. आणि टिंगल असती तर सकाळी लायनस शहाणा झाला असता. तो पुढच्या वर्षी परत बसणार म्हणून चार्लीवरच ओरडतो. आजोबांसोबत मी तीनदा वारीत चाललोय, मला नका शिकवू.

दोन_मुलींची_आई:
आणि चार्लीच्या धाकट्या बहिणीचं, त्या सॅलीचं काय? लायनसवर जीव, म्हणून ती बिचारी खाऊ सोडून, पार्टी सोडून त्याच्याबरोबर बसली. मिळाला काय, भोपळा! (आपल्या अर्थानं.) नंतर नुकसानभरपाई मागते ते मला शंभर टक्के पटलं. अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढीच एक शहाणी.

एडिसनकर:
😀 हे मान्य. पण तुम्ही एक सीन गाळताय. पहाटे चारला ल्युसी उठते, भावाचा पलंग रिकामा. काही न बोलता मळ्यात जाते, कुडकुडत झोपलेल्या लायनसला धरून घरी आणते, बूट काढते, झोपवते. एक डायलॉग नाही. हीच ल्युसी दारोदार 'माझ्या येड्या भावासाठी पण द्या' म्हणून जास्तीचा खाऊ मागत होती, कुरकुरत का होईना. सांगा ही पोरगी वाईट आहे.

दोन_मुलींची_आई:
वाईट नाही म्हटलं, दुष्ट म्हटलं. आणि तो सीन आला तेव्हा धाकटी रडत होती, मी तिच्याकडे बघत होते, टीव्हीकडे नाही.

जुना_अँटेना:
बघायचा कुठे पण? आधी सीबीएस, मग एबीसी, दर ऑक्टोबरला फुकट लागायचा. २०२० मध्ये ॲपलनं आपल्या पैसे भरून बघायच्या सेवेसाठी उचलला. २०२१ ला पीबीएस या फुकट चॅनलवर एकदा दाखवला. साठीच्या दशकातल्या कार्टूनला सबस्क्रिप्शन! चार्लीला दगड मिळाला, आपल्याला पासवर्ड.

संत्रानगरी:
कोहळं म्हणायला हरकत नाही हे कुणी लिहून देणार आहे का?

घारगेवाली:
म्हणा बाई. दुकानात मात्र बोट दाखवून घ्या.

दोन_मुलींची_आई:
@एडिसनकर काल रात्री मुली झोपल्यावर शेवटची पाच मिनिटं परत बघितली. बूट काढते तो सीन ठीक आहे. ठीक म्हणजे ठीकच, उगाच जिंकलो समजू नका. मोठीला दाखवीन, धाकटीला आठ वर्षांची झाल्यावर. परीचा ड्रेस घालायला तयार झालीय, पण पिशवी आधी मी तपासायची या अटीवर.

एडिसनकर:
समजलो नाही जिंकलो. कोरलेला भोपळा दारात मऊ पडायच्या आत सांगा, त्याचे घारगे होतात का?

घारगेवाली:
कोरायच्या भोपळ्याचे अजिबात नको, पाणीदार आणि बेचव असतो. छोटा गोड पाय पम्पकिन आणा, नाहीतर बटरनट. किसाच्या निम्मा गूळ, वाफवून घ्या, मग कणीक मावेल तेवढी.