निपाणीच्या पेठेत तपासणी केंद्र आणल्याने पेठ सावरेल का?

निपाणीकर (मूळ प्रश्न):
निपाणीची जुनी पेठ तंबाखूच्या व्यापारावर उभी राहिली, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आज काही वखारी कुलूपबंद आहेत, महामार्ग गावाला वळसा घालून जातो आणि मोठ्या खरेदीसाठी लोक सुमारे चाळीस किलोमीटरवरचे कोल्हापूर गाठतात. आम्ही चार-पाच व्यापारी नगरपालिकेला निवेदन देण्याच्या विचारात आहोत. पेठेतील दोन-तीन बंद गाळे एकत्र करून तेथे रक्ततपासणी, रक्तदाब व मधुमेहाची नियमित पाहणी, डोळ्यांची तपासणी आणि फिजिओथेरपी सुरू करावी, अशी आमची मागणी असेल.

कल्पना इंग्लंडमधली आहे. २०२० मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी केलेल्या माइक रिचर्ड्स यांच्या अहवालाने तपासणी केंद्रे मोठ्या रुग्णालयांपासून वेगळी काढण्याची शिफारस केली. त्याच सुमारास तिथल्या बाजारपेठांतील मोठमोठी दुकाने बंद पडत होती. डेबनहॅम्स या मोठ्या दुकानसाखळीची शेवटची दुकाने २०२१ मध्ये मिटली. पुढे बार्न्सली येथे ग्लास वर्क्स या बाजारसंकुलातच तपासणी केंद्र उघडले, तर पूल येथे बील्स या जुन्या दुकानाच्या एका मजल्यावर बाह्यरुग्ण विभाग आला. आपल्याकडे हे जमेल का, आणि तपासणीला आलेला माणूस खरोखर पेठेत खरेदी करील का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

खडेबाजारातील कापड दुकानदार, बेळगाव:
तिकडे एका मालकाचे एक भले मोठे दुकान रिकामे झाले, म्हणून एकदम एक मजला हाती आला. आपल्या पेठांत दहा फुटी गाळे असतात, प्रत्येकाचा मालक निराळा, आणि त्यातल्या निम्म्यांचा वाटणीचा वाद कोर्टात. त्यामुळे गाळ्यांच्या मागे लागण्यापेक्षा एका मालकाची एखादी वखार भाड्याने मिळते का, ते आधी पाहावे.

खरेदीचे म्हणाल, तर उपाशीपोटी रक्त देणारा माणूस सकाळी साडेसातला येतो आणि आमची दुकाने दहाला उघडतात. त्याचा फायदा फार तर इडली-चहाच्या हॉटेलाला. मात्र मधुमेहाच्या तपासणीत न्याहारीनंतर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यावे लागते, आणि त्या दोन तासांत माणसाला जायला कुठे जागा नसते. केंद्र रुग्णालयाच्या आवारात असेल, तर तो बाकावर बसून जांभया देतो. पेठेत असेल, तर निदान भाजी घेतो, घड्याळाचा सेल बदलतो, भांड्याला कल्हई करायला टाकतो. ही मिळकत छोटी असली तरी दर महिन्याची आहे. भीती एकच वाटते, ती भाड्याची. दवाखाना आला की शेजारी औषधांची चार दुकाने येतात आणि शिंपी, तांबट, बांगडीवाला यांना वाढलेले भाडे परवडत नाही. तशी पेठ गजबजलेली दिसेल, पण ती पेठ राहणार नाही.

निवृत्त आरोग्य सहायिका, चिकोडी:
जिथे रुग्ण स्वतः चालत येतो, वारंवार येतो आणि तासाभरात परत जातो, तेवढ्याच सेवा बाजारात न्याव्यात. प्रसूती, अपघात, तापाचे आणि खोकल्याचे रुग्ण तिथे नकोत. बंदिस्त गाळ्यात क्षयाचा एक रुग्ण बसला, तर शेजारच्या दहा जणांचा प्रश्न होतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू देत नाहीत, म्हणून कचऱ्याची गाडी त्या गल्लीत शिरू शकते का, हे निवेदनाआधी पाहा.

वेळेचा मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो. कर्नाटकात डिसेंबर २०२२ पासून ‘नम्म क्लिनिक’ हे छोटे सरकारी दवाखाने सुरू झाले, ते वस्तीजवळ आहेत, मोफत आहेत. पण त्यांची वेळ सकाळी ९ ते दुपारी साडेचार ठरवण्यात आली. हजार विड्यांमागे मजुरी मिळणारी विडी कामगार बाई त्या वेळेत हातातले सूप खाली ठेवत नाही आणि हमालही पोती उतरवायची सोडून येत नाही. केंद्र संध्याकाळी आठपर्यंत चालू राहिले, तरच त्या दोघांना आणि तुमच्या दुकानांनाही उपयोग.

एक गोष्ट पुरुषांच्या सहसा लक्षात येत नाही. तीस वर्षांवरील बायकांनी तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी म्हणून मी वर्षानुवर्षे घरोघर सांगत फिरले. ‘दवाखान्यात जाते’ म्हटले की सासू विचारते, काय झाले? ‘बाजारात जाते’ म्हटले की कुणी विचारत नाही. तंबाखूच्या गावात तोंडाच्या तपासणीची गरज तर वेगळी सांगायला नको. फक्त या केंद्रासाठी सरकारी रुग्णालयातील परिचारिका उसन्या घेऊ नका. तिथेच माणसे अपुरी आहेत.

खानापूरकर:
पेठ की स्टँड, हे आधी ठरवा. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीकडचा माणूस बसच्या वेळेवर जगतो. परतीची गाडी चुकली की दिवस गेला. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास मिळतो, पण तो राज्याच्या हद्दीपुरताच. म्हणजे भोवतालच्या खेड्यांतली बाई निपाणीला फुकट येईल आणि कोल्हापूरला जायचे झाले तर तिकीट काढील. जी तपासणी निपाणीत होईल, तिच्यापुरते तिचे तेवढे पैसे वाचतील.

आणि पाटीबद्दल. कन्नडबरोबर मराठीतही लिहा, असे म्हटले की आपल्याकडे लगेच राजकारण होते. पण ‘उपाशीपोटी या’ ही सूचना न कळल्याने चहा पिऊन आलेली आजी आल्या पावली परत जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

निपाणीकर:
सर्वांचे आभार. गाळ्यांऐवजी तळमजल्यावरची एक वखार, सकाळी सात ते दहा व संध्याकाळी चार ते आठ अशी वेळ आणि दोन्ही भाषांतील सूचना, असा बदल मसुद्यात करतो. भाड्याच्या प्रश्नावर मात्र आमच्यातच एकमत नाही, कारण निवेदनावर सही करणाऱ्यांपैकी दोघे स्वतः घरमालक आहेत. स्टँडपासून त्या वखारीपर्यंतचे अंतर उद्या आईला सोबत घेऊन चालून पाहणार आहे; तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे वाटेत किती वेळा बसावे लागते ते कळेल.